एका वायरवरची उडी

संकलक : मास्तर, तो दांडा खाली ठेवा! स्क्रीन फोडलीत, पुरे झालं.

फाइटमास्तर : तू बाजूला हो. तुझ्याशी माझं काही भांडण नाही.

निर्माता : डोकं फिरलंय का तुझं? नाक फोडलंस माझं!

फाइटमास्तर : नाकच ना? माझ्या धाकट्या भावाचा कणा मोडलाय. पंधरा दिवस झाले, पायाला टाचणी टोचली तरी कळत नाही त्याला.

निर्माता : अपघात होता तो.

फाइटमास्तर : सुपरहिरोचे कपडे चढवून तिसऱ्या मजल्यावरून उडी मारायला लावलीस, तीही कमरेला एकच वायर बांधून! मी दोन मागत होतो, म्हणून त्या दिवशी मला मुद्दाम दुसऱ्या सेटवर पिटाळलंस.

निर्माता : दुसरी वायर लावायची म्हणजे अख्खी सकाळ गेली असती. प्रदर्शनाची तारीख कधीच ठरलीय. सिनेमाचा मागचा भाग पहिल्याच आठवड्यात झोपला. हाही पडला तर वरचे लोक मालिकाच गुंडाळतील. तीनशे माणसं घरी बसतील, मास्तर!

फाइटमास्तर : म्हणून त्याचं पडणं ट्रेलरमध्ये घातलंस? ट्रेलर तू कापलास ना, तू सांग रे, घातलंय का?

संकलक : घातलंय. ओरडण्यासकट. परवा निवडक प्रेक्षकांना दाखवलं, तर शिट्ट्या पडल्या.

निर्माता : बघ! पोराच्या कष्टाचं चीजच झालं की...

(फाइटमास्तर त्याची गचांडी धरून त्याला खिडकीबाहेर अर्धा लोटतो.)

निर्माता : अरे सोड! नको, नको, सोडू नकोस!

फाइटमास्तर : दोनच मजले आहेत. ओरड ना. आवाज चांगला लागलाय.

निर्माता : काढतो तो शॉट! आईशप्पथ काढतो! पुढच्या भागात तुला मोठं काम...

फाइटमास्तर : अजून पुढचा भाग?

संकलक : मास्तर, शर्ट फाटतोय त्यांचा! ऐका माझं, वहिनींचा फोन आहे. त्याला पुन्हा ऑपरेशनला नेतायत. दादा आल्याशिवाय आत जाणार नाही, असा हट्ट धरून बसलाय.

निर्माता : मास्तर... पाया पडतो...

संकलक : ओढा आत. हां, असं. साहेब, खाली बसा, मान मागे टाकू नका, रक्त घशात जाईल. तो शॉट मी पुसतोय, मूळ प्रतीसकट. नोकरी गेली तर गेली. मास्तर, वहिनी फोनवर थांबल्यात. काय सांगू?

फाइटमास्तर : सांग, निघालोय. एवढे हात धुतो, की निघालोच.