धरतीची ओढ आणि पंचावन्न किलोचा गट

धानोऱ्याच्या कबड्डी स्पर्धेत पंचावन्न किलो गटाची वजनं चालली होती. मिथुनच्या पायाखाली काटा छप्पन्नवर गेला आणि तो बाद झाला. मुलींच्या वजनासाठी मागे रांगेत उभ्या असलेल्या रिनाला पुढचं सगळं ऐकावंच लागलं. वजन घेणाऱ्या श्रीहरीभाऊंशी बोलत होता मिथुनचा कप्तान, बी.एस्सी.वाला प्रणित.

"श्रीहरीभाऊ, तुमचा काटा स्प्रिंगचा हाये."

"मंग?"

"स्प्रिंग वजन दाखवते. म्हंजे धरती त्याले किती ओढून राह्यली ते. धरतीनं जास्त ओढलं, त्यात मिथुनचा काय दोष?"

"धरती सगळ्याईलेच ओढते बाबू."

"तुम्ही वस्तुमान पाहा. म्हंजे त्याच्या अंगात माल किती. तराजू लावा!"

मोहफुलं मोजायचा मोठा तराजू चिंचेला टांगला गेला. एका पारड्यात पंचावन्न किलोची मापं ठेवली. दुसऱ्यात मिथुन मांडी घालून बसला आणि अलगद जमिनीला टेकला.

"प्रणित, आता रे?" मिथुननं पारड्यातूनच विचारलं.

"आता काई नाई. माल जास्त हाये."

"दुसऱ्या कुठल्या गावात खेळलो तं?"

"चंद्रावर गेला तरी नाई. तिथी स्प्रिंगचा काटा तुले नऊ किलो दाखवन. पन तराजूत मापंबी तेवढीच हलकी होते. तू असाच खाली टेकशीन."

"म्हंजे काट्यानं मले फक्त धानोऱ्यातून बाद केलं होतं?"

"हो."

"आन् तू चंद्रावरूनबी काढलं, लेका!"