धार लावायचा वेळ कुणाचा?

हसू नका, पण केंदूरच्या आप्पांनी माझ्या झाडं कापायच्या मशीनवर मोबाईलचं घड्याळ लावलं होतं. मी पैसे तासावर घेते. आप्पा म्हणले, "मशीन वाजंल तेवढाच तास. धार लावायचा येळ तुमचा."

"बरं," म्हणलं. गोठ्याजवळचा कडुलिंब निम्मा कापला आन् खोडात आप्पांनीच ठोकलेल्या खिळ्यानं चेनची धार गेली. मी मशीन बंद केली, धार लावायची कानस पिशवीतच ठेवली आन् चहा मागितला. तेवढ्यात लिंब करकरत गोठ्याकडं कलला. आप्पा धावत जाऊन खोडाला पाठ लावून उभे!

"बाई, धारंचा येळ माझा!"

"आन् चहाचा?"

"चहाचा बी माझाच, पण उठा!"

म्हणलं, "धरा घट्ट. साखर ढवळतीय अजून."