एका मेंढराची दोन मेंढरं

काय सांगू तुमाला, आमी मूळचे झरीकडले, धनगर, आज्या-पणज्यापासून मेंढरामागं. शाळा मला ठाव न्हाई, पण बापानं हातात कातर दिली तवापासून लोकर कातरावी तर मीच, पार पेडगावहून बोलावणं यायचं, आन् एका मेंढराला कधी खरचटलं न्हाई, न्हाईच.

मंग मोतीबिंदू आला. परभणीला आपरेशन केलं, डोळ्याखाली बधीर करायचं इंजेक्शन दिलं, दुखलं न्हाई काई. पट्टी काढली तर लख्ख दिसलं, पण एकावर एक, दोन दोन. डॉक्टरीणबाईनं बोटं दाखवली, बाबा किती म्हणल्या, मला दिसली चार, मी म्हणलं दोन. बरोबर म्हणल्या. आता सगळ्यांम्होरं धनगराला बोटं मोजता येईनात हे कसं सांगावं? मी लय हुशार, घरीबी तसंच, मेंढरं ऐंशी दिसली की चाळीस म्हणायचं, खपून गेलं.

पण कातरताना अर्धं करून कसं चालंल? मानंजवळ आलो, कान वरचा खरा का खालचा कळंना, आन् लागली की कातर मेंढीच्या कानाला, रगत आलं. माझ्या हातानं! थोरल्या लेकानं माझ्या हातातली कातर काढून घेतली. मी रडलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिशी मीच गेलो, म्हणलं बाई, मी लबाड बोललो. त्यांनी एक डोळा झाकला, एकच दिसलं, दुसरा झाकला, तरी एकच. म्हणल्या डोळे दोनी चांगले हायत बाबा, इंजेक्शननं डोळा फिरवणारा स्नायू दुखावला, म्हणून दोघं एका जागी बघंनात, कधीमधी होतं असं, पण तवाच सांगायचं न्हाई का. तवर चष्म्याच्या एका काचेला चिकटपट्टी लावून दिली, आन् काही महिन्यांनी डोळा ठरला तवा वेगळ्या काचेचा चष्मा, त्यातून दोनी डोळ्यांनी बघितलं तरी एकाचं एकच दिसाया लागलं.

चष्मा घालून घरी आलो तर थोरला कातरायलाय, मेंढी नुसती उड्या मारायलीय. म्हणलं सर. बसलो, डाव्या हातानं कातडं ताणलं, पोट, पाठ, मान, दोनी कानाच्या बुडापस्तोर सगळं कातरलं. मेंढी उठली, अंग झाडलं. थोरल्यानं तिच्या अंगावरून हात फिरवून बघितलं, कुटं रगताचा ठिपका न्हाई. मंग म्हणला, बाबा, दुसरी धरून आणू?

आजबी तोच धरतो, मी कातरतो. त्या बाईचं देव भलं करो.