चिंचबागेतले नऊ प्रश्न

बसा मंडळी, बसा, जरा पुढं सरका! ओ टोपीवाले, त्या खांबापाशी एक आजी बसल्यात, त्यांना पाठ टेकायला जागा द्या. हां! तुम्ही नका हलू पेटीवाले. तुम्ही गेलात तर माझा सूर कुठं गेला हे लोकांना कळेल!

तर पूर्वरंगात आपण काय बघितलं? देव सगळ्यांच्या ठायी आहे. माना डोलावल्यात ना? मग शेजाऱ्याच्या ठायीही असणारच! असणार ना? मग तोच शेजारी दारात येऊन ‘कोण तुम्ही, कुठले, घरात कोण कोण’ असं विचारू लागला, की आपल्या कपाळावर आठी का येते? आणि जो काही म्हणता काही विचारत नाही, तो सज्जन कसा ठरतो? सांगा! नाही सांगता येत? मग ऐका.

सांगलीत अच्युतराव हेर्लेकर नावाचे गृहस्थ. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुसऱ्याचे तराजू तपासले! पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा ज्यानं जन्मभर शोधला, त्याला माणसाच्या मनाखालीही चिंचच दिसायची. दूधवाला हसला — का हसला? शेजारणीनं अळूची वडी पाठवली — का पाठवली? बायको, सुमतीबाई, म्हणाल्या, “आज दमलेले दिसता हो.” झालं! हिला माहेरी जायचंय!

हसताय? हसा. घरी गेल्यावर आपापल्या घरी कोण हसतंय ते बघा!

पण एका माणसावर अच्युतरावांचा जीव होता. आई! इंदिराआक्का. वय ब्याऐंशी. आणि मंडळी, आक्कांना विसर पडायला लागला होता. सकाळचं जेवण विसरायच्या, नातीचं नाव विसरायच्या. डोळा चुकवून चपला न घालता बाहेर पडायच्या आणि परतीची वाट विसरायच्या. अच्युतरावांनी त्यांना रोज एकच गोष्ट घोकवली, “आक्का, परक्या माणसाला नाव सांगायचं नाही. पत्ता सांगायचा नाही. जग वाईट आहे!” सगळं विसरणाऱ्या आक्कांनी नेमकं एवढंच पक्कं केलं!

अशात राहतं घर रस्तारुंदीत जाणार, अशी नोटीस आली. नवीन घर बघणं आलं. दोन जागा पसंतीत उरल्या. वस्त्या लागून लागून, मध्ये एक नाला आणि त्यावर चार पावलांचा पूल. अलीकडं अमृतविहार, पलीकडं चिंचबाग. नावच चिंचबाग! अच्युतरावांना तिथंच ठेच लागली.

तरी गेले. चपला काढतात न काढतात तोच समोरच्या ओट्यावरून आवाज, “कोण पाहिजे?” द्वारकाबाई चिकोडे! पदर खोचलेला, हातात सूप, आणि नजर अशी की तुमच्या खिशातला रुमाल बाहेरून मोजावा! “कुठले तुम्ही? आडनाव काय? वडील काय करत होते? घरात कोण कोण? म्हातारं माणूस आहे का? चालतं-फिरतं का? औषध चालू आहे का? आत्ताचं घर का सोडताय?”

‘कोण पाहिजे’ धरून नऊ प्रश्न! अच्युतरावांनी मोजले. उत्तर एकाचंही दिलं नाही. “जागा बघायला आलोय,” एवढंच म्हणाले. परतताना सुमतीबाईंना सांगतात, “म्हातारं माणूस आहे का, हे हिला कशाला पाहिजे? आपण घराबाहेर कधी असतो, याचा अंदाज घेतेय! टोळी असणार.”

सुमतीबाई म्हणाल्या, “अहो, ती तांदूळ पाखडत होती.”

“तेच तर! दाखवायला!”

आता अमृतविहार. फाटक, पहारेकरी, सहा कॅमेरे! जिन्यात चिटपाखरू नाही. समोरच्या दाराचे गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले, त्यांनी मान हलवली न हलवलीशी केली आणि मोबाइलमध्ये बुडाले. अच्युतराव खूश! “बघ, याला म्हणतात संस्कार. एक प्रश्न नाही!”

ठरलं. चैत्रात सामान हललं. आणि चौथ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, सुमतीबाई गच्चीवर कुरडया उलटायला गेल्या, अच्युतरावांचा जरा डोळा लागला... आणि उठून बघतात तर दार सताड उघडं. आक्का नाहीत!

मंडळी, चपला जागेवर होत्या. चैत्रातलं ऊन! फाटकापासून हाकेच्या अंतरावर बाह्यवळण रस्ता, उसाचे ट्रक एकामागून एक!

पहारेकऱ्याकडं धावले. तो म्हणाला, “आजी ना? गेल्या की! मी सलाम केला.”

“अरे, अडवलं का नाहीस?”

“साहेब, येणाऱ्याला अडवायचं आपल्याला सांगितलंय. जाणाऱ्याचं कुणी सांगितलं नाही.”

कॅमेऱ्यात बघितलं. स्वच्छ दिसतंय हो! आक्का लिफ्टपाशी उभ्या, अनवाणी. समोरच्या दाराचे ते सज्जन गृहस्थ आले. आक्कांसाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं त्यांनी! डोळे मोबाइलवर. खाली आक्का फाटकाजवळ वीस मिनिटं उभ्या. सात माणसं शेजारून गेली. एकानंही ‘आजी, कुठं?’ म्हणून विचारलं नाही. सहा कॅमेऱ्यांनी बघितलं, माणसानं बघितलं नाही! हाच तो संस्कार!

बाह्यवळणावर शोधलं, रिक्षावाल्यांना विचारलं, सापडेनात. शेवटी पूल ओलांडला. चिंचबागेत द्वारकाबाईंच्या दारात चपलाच चपला! चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललेलं. आणि आत पाटावर, पंख्याखाली, हातात पन्ह्याचा पेला घेऊन आक्का!

आता मुलानं काय करावं? पाय धरावेत! पण संशय सुटतो काय? अच्युतराव दारातूनच गरजले, “कुणी आणलं हिला इथं? काय पाजताय तिला?”

द्वारकाबाई उठल्या आणि उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. “थांबा! कोण पाहिजे?”

“माझी आई आहे ती!”

“कशावरून?” — ऐका मंडळी, ऐका! — “त्या दिवशी नाव नाही, गाव नाही, चोरासारखे जागा बघून गेलात. आज म्हणता माझी आई. म्हातारं माणूस मी असंच तुमच्या हाती देऊ होय?” मागं वळून विचारलं, “आजी, हे कोण?”

आक्कांनी बघितलं. पुन्हा बघितलं. आणि म्हणाल्या, “मी सांगणार नाही. परक्याला काही सांगायचं नाही, असं माझ्या अच्युतनं सांगितलंय.”

हेर्लेकर! तीस वर्षं दुसऱ्याचं माप काढलं. आज तुमचंच माप तुमच्या पदरात पडलं! परका! जिनं जन्म दिला तिच्यासमोर परका! अच्युतरावांचे डोळे भरून आले.

द्वारकाबाई म्हणाल्या, “पुलावर अनवाणी उभ्या दिसल्या, म्हणून मी हाताला धरून आत आणलं. तासभर विचारतोय आम्ही. नाव सांगत नाहीत, पत्ता सांगत नाहीत. मग म्हटलं, हळदीकुंकू आहे, आजी, उखाणा तरी घ्या. तेव्हा कशा लाजल्या! गळ्यात मंगळसूत्र नाही बघून एक दोघी कुजबुजल्या. मी म्हटलं, घेतायत तर घेऊ देत. उखाण्यातलं ते नाव सांगणारं माणूस येईपर्यंत मी यांना सोडायची नाही. आता सांगा, वडिलांचं नाव काय?”

“दिगंबर.”

“काय करत होते?”

“घड्याळं दुरुस्त करायचे. कापडपेठेत दुकान होतं. जाऊन चौदा वर्षं झाली.”

द्वारकाबाई उंबऱ्यातून बाजूला झाल्या. “आजी, घ्या बघू तो उखाणा पुन्हा.”

आणि ब्याऐंशी वर्षांच्या आक्कांनी पदर सावरला, मान खाली घातली —

*घड्याळं लावली ओळीनं कापडपेठेच्या दुकानात,*
*दिगंबररावांचं नाव घेते, ठेवते मी ध्यानात!*

अच्युतराव उंबऱ्यावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. रडता रडता त्या दिवशीचे नऊच्या नऊ प्रश्न स्वतःच आठवून सगळ्यांची उत्तरं देत सुटले. कुठले, आडनाव काय, आईला विसर पडतो, औषध कुठलं, सगळं!

द्वारकाबाईंनी पन्ह्याचा पेला त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, “हे त्या दिवशी सांगितलं असतं, तर आज बघितल्या बघितल्या मी पुलापलीकडं विचारून यांना तुमच्या घरी नेऊन पोचवलं असतं. एक तास जीव टांगणीला लागला नसता, तुमचाही आणि आमचाही.”

अच्युतरावांनी पेला खाली ठेवला आणि हात जोडले. “बाई, ती जागा आहे का हो अजून?”

“कुणाला पाहिजे?” द्वारकाबाईंनी विचारलं! सवय हो, जाते कुठं!

तर मंडळी, संशय द्वारकाबाईंनाही होता आणि अच्युतरावांनाही. दोघांत फरक काय? अच्युतरावांच्या संशयानं दार लावून घेतलं, बाईंच्या संशयानं तोंड उघडून विचारलं. संशय घ्या, जरूर घ्या! पण घेतलात तर जवळ जाऊन विचारा. तुम्ही कुठल्या वस्तीत राहता, ते मला नका सांगू. गेल्या आठ दिवसांत अनोळखी माणसाला ‘कोण पाहिजे’ म्हणून कितीदा विचारलंत, ते स्वतःला सांगा.

माना डोलावल्यात पुन्हा. छान!

मग आता एक सांगा. त्या खांबापाशी बसलेल्या आजी, मघापासून बघतोय, आख्यान सुरू व्हायच्या आधीपासून एकट्याच बसल्यात. कुणाबरोबर आल्यात त्या? तुमच्या? नाही? तुमच्या? ओ टोपीवाले, तुम्ही त्यांना जागा दिलीत, नाव विचारलंत का?

पेटी थांबवा. आरती होईल मागनं. आधी त्यांना विचारा.