दोन घास, एक ओंजळ पाणी

न्हाय न्हाय, गूळ चिरून न्हाय घ्यायचा गं, किसून घ्यायचा — तिथंच तुझी पोळी फाटली. खडा राहतोय सारणात, आणि लाटताना तो खडाच पारी फाडतोय, मग सारण तव्यावर, तवा काळा, घरभर धूर, आणि तू फुटकी पोळी घेऊन माझ्या दारात! हसू नको. बस. बस की दिपाली, उभ्याउभ्या शेंगापोळी शिकतंय का कोण? शेंगदाणे कसे भाजलेस? मोठ्या जाळावर — व्हय ना? करपट वास येतोय ह्याला. मंद जाळावर भाजायचे, हातानं चोळून सालं काढायची, सुपात पाखडायचे — सूप न्हाय तुझ्याकडं, मग ताटात घेऊन फुंकर मार, काय करायचं. कूट लई बारीक करायचं न्हाय, तेल सुटतंय. आणि खरी मेख सांगू? सारण आणि पारी, दोन्ही सारखी मऊ पाहिजेत. एक कडक, एक मऊ असलं की फाटतंच — संसाराचं बी तसंच असतंय, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. त्यांची पोळी कधी फाटली न्हाय. संसाराचं काय बोलायचं, जाऊ दे.

जेवलीस का तू? न्हाय जेवलीस, तोंडच सांगतंय. नवरा हुबळीला ट्रेनिंगला गेला की तू दोन मिनिटाचं ते शेवयाचं पाकीट उकळतीस, जिन्यातनं वास येतोय मला. घे, हे ताट घे. ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, मुगाचं वरण, भात, दूध — लाजू नको, धा माणसं जेवतील एवढं हाय. रोजच्यासारखंच मीठ न्हाय बघ कशात. वरनं घे, त्या बरणीत हाय. आता तू म्हणशील, शेंगापोळीची एवढी फुशारकी मारणारी बाई, आणि स्वयंपाक असा आळणी? अगं, चौक्यातला हाय तो. तुमच्या खानापुराकडच्या घरात न्हाय हे, म्हणून तुला ठाऊक न्हाय. आमचे मुनीमहाराज असत्यात ना, दिगंबर — ते दिवसातनं एकदाच जेवत्यात, एकदाच पाणी पित्यात, ते बी उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. त्यांच्यासाठी शुद्ध स्वयंपाक मांडायचा, त्याला चौका म्हणत्यात. विहिरीचं पाणी गाळून आणायचं, पीठ घरच्या जात्यावर दळायचं, दाणा न् दाणा निवडायचा, आणि मग कलश घेऊन दारात उभं राहायचं — ‘नमोस्तु महाराज, तिष्ठ तिष्ठ’. थांबले तर आपलं भाग्य. न्हाय थांबले तर पुढच्या दारात.

आलते की आज. आमच्याकडंच आलते. तू गॅलरीतनं बघितली असशील गर्दी — सगळी गल्ली आत शिरलती. पायाला पाय लागत होता. ह्या घरात एवढी माणसं — कधी आलती बरं — आमच्या मालकांना नेलं तेव्हा आलती. सहा वर्षं झाली. तेव्हापासनं कुकर शिट्टी देतोय तेवढाच आवाज. म्हणून तर वरची खोली भाड्यानं दिली तुम्हाला, पैशाला न्हाय गं, डोक्यावर कोण तरी चालतंय एवढं ऐकू यावं म्हणून — खा तू, खा.

त्या भिंतीवरचा फोटो बघितलास? तो गाडीवर बसलेला, गॉगलवाला. कोण म्हणून काय विचारतीस — माझा अभू. अभिनंदन. एकुलता एक. गल्लीत तुला कोणी सांगितलं न्हाय? नवल हाय, हितल्या बायका तर न विचारता सांगत्यात. अगं, तेच हे महाराज. आज आले ते. सव्विसाव्या वर्षी दीक्षा घेतली त्यानं — त्यांनी. ‘त्यांनी’ म्हणायचं असतंय. आता तो माझा मुलगा न्हाय, मी त्यांची आई न्हाय, तसं नातंच राहत न्हाय. नाव बी नवीन हाय. सगळं गाव घेतंय, माझ्या जिभेवर बसत न्हाय. दीक्षेच्या आधी घरच्यांची परवानगी विचारत्यात, भर मंडपात. मालक खाली मान घालून बसले. मग माईक माझ्यापुढं आला. पाच हजार माणूस. आणि तो बघतोय माझ्याकडं — लहानपणी सहलीला जायचं असलं की बघायचा ना, तसाच. काय म्हणणार मी? ‘व्हय’ म्हटलं. टाळ्या वाजल्या, धन्य ती माउली, धन्य ती कूस. डोळ्यातनं टिपूस काढलं न्हाय मी. सगळ्या बायकांनी वाखाणलं — तारामती आक्का म्हणजे दगड हाय, दगड. मला तरी कौतुकच वाटलं गं ते तेव्हा.

नऊ वर्षं कुठं कुठं फिरले, राजस्थान काय, मध्यप्रदेश काय, मी फोटो बघायचे मोबाईलवर. आणि ह्या वर्षी चातुर्मास आमच्या निपाणीत! चार महिने मुनी गाव सोडत न्हाईत पावसाळ्यात, एका ठिकाणीच असत्यात. आमच्या बस्तीत — म्हणजे आमचं देऊळ गं, देवळाला बस्ती म्हणतो आम्ही — हितनं दोनशे पावलं. मी म्हटलं, चार महिन्यांत एकदा तरी माझ्या हातचं पोटभर जेवावा. दुसरं काय मागितलं न्हाय मी देवाकडं. पुण्याबिण्यासाठी न्हाय — हे तुला म्हणून सांगते, बस्तीत बोलू नको. पोटभर जेवताना बघायचं होतं, बास.

पण थांबतील तर! महाराज आहाराला निघताना मनात एक ठरवून निघत्यात — आज असं असं दिसलं तरच त्या दारात थांबायचं. कोणाला सांगायचं न्हाय. दिसलं न्हाय तर उपास. आता ते काय ठरवलंय ते आपल्याला कसं कळणार? मी कलशावर नारळ ठेवून उभी राहिले — गेले पुढं. केळी घेऊन उभी राहिले — गेले पुढं. शेजारची म्हणाली पिवळं लुगडं नेसा, नेसले. जावेला बोलावून जोडीनं उभी राहिले, तिचे गुडघे दुखत्यात तरी. एक दिवस हातात ऊस घेऊन उभी राहिले बघ, मिरवणुकीतल्यासारखी — हसतीस काय, मी पण हसले नंतर. आहाराला निघाल्याची खूण म्हणून उजव्या खांद्यावर बोटं टेकवलेली, नजर खाली, माझ्या उंबऱ्यासमोरनं असे सरळ जायचे. वास पण येत असंल की गं त्याला, ह्याच घरात वाढला तो. चार दारं सोडून पलीकडं तीनदा जेवले. त्या बाईला वरण धड आटवता येत न्हाय. सांगायला नको, पण न्हाय येत. मग मी भरल्या चौक्यात बसायचे, डबे करायचे, गल्लीत वाटायचे. तुला रोज आळणी भाजी का मिळत होती, कळलं आता?

आणि काय रांधायचं म्हणतीस — शेंगापोळी तर लांबच. चार-चार खायचा गं तो, तव्यावरची उचलून, तुपाची धार मनगटापर्यंत! आता गूळ-साखर सोडलंय, मीठ सोडलंय, जन्मभरासाठी. मग मी दुधी कोवळा बघून घ्यायचे, दुधात शिजवायचे, म्हणजे दुधाचाच गोडवा उतरतोय — हे लिहून घे, मीठ न घालता चव आणायची तर हेच हाय. भाकरीचं पीठ त्या दिवसाचं, पाणी कढत. भाकरीला आपसूक गोडी असती, मिठाच्या नादात आपल्याला ती कळतच न्हाय.

आज शेवटचा दिवस. उद्या विहार, म्हणजे पुढच्या गावाला चालत जाणार. मला उठायला उशीर झाला, रडत — न्हाय, झोपच लागली न्हाय रात्रभर, म्हणून उशीर. नारळ विसरला, लुगडं साधंच, नुसता पाण्याचा कलश घेऊन धावत दारात आले, ‘नमोस्तु’ म्हणताना दम लागलेला. आणि थांबले! दिपाली, थांबले गं. पाय माझ्या दारात थांबले. तीन प्रदक्षिणा घातल्या, काय बोलले, काय न्हाय, एक आठवत न्हाय. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, अन्न-पाणी शुद्ध — एवढं म्हणायचं असतंय, म्हटलं मी. मन शुद्ध म्हटलं. खोटं बोलले काय? ठाऊक न्हाय.

का थांबलीस? खा की. ते वरण घे, गार झालंय.

पाय धुतले त्यांचे. टाचा अशा फुटलेल्या, बोटं जातील भेगांत. तरी न्हाय रडले मी. ते उभे राहिले, ओंजळ केली. मी आधी पाणी दिलं, एक ओंजळ. मग भाकरी-दुधीचा घास. मग वरण-भाताचा घास. सगळी गल्ली बघतेय. मुनींना प्रत्येक घास बघून खायचा असतोय, केस न्हाय ना, किडा न्हाय ना, म्हणून. अंगठ्यानं असं चाचपत्यात ओंजळीतच. तिसरा घास मी ठेवला, आणि त्यानं अंगठा फिरवला — आणि अगं, तसाच! मोहरी निवडायचा तो लहानपणी. भाजीतली एकेक मोहरी अंगठ्यानं ढकलून ताटाच्या कडेला रांग लावायचा, अर्धा तास, आणि मी पाठीत धपाटा घालायचे — ‘बघत काय बसलास, खा मुकाट्यानं!’ तोच अंगठा. मी मोहरी घातलीच नव्हती आज, मुद्दाम. आणि माझ्या तोंडातनं गेलं — ‘न्हाय रं अभू, मोहरी न्हाय घातली, खा रं बाळा’ — आणि मी रडले. हळू न्हाय गं. मोठ्यानं. नऊ वर्षांचं सगळं एकदम आलं, मला आवरलंच न्हाय.

अंतराय झाला. तुला काय सांगू अंतराय म्हणजे — जेवताना केस निघाला, किडा निघाला, नाहीतर कोण आकांतानं रडलेलं कानावर आलं, की मुनींनी जेवण तिथंच सोडायचं. पाणी बी न्हाय घ्यायचं मग, दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानं ओंजळ सोडली. घास खाली पडला. माझ्याकडं बघितलं न्हाय, रागावला न्हाय, खाली बसला, हात धुतले, आशीर्वादाचा हात वर केला आणि निघाला. दोन घास, एक ओंजळ पाणी. लोक म्हणत होते, काय न्हाय आक्का, कोणाच्याही घरी होतोय अंतराय. आणि डोळे? डोळे म्हणत होते, आईनंच लेकराला उपाशी घालवलं. खरंच हाय ते. चार दारं पलीकडच्या घरी पातळ वरण जेवून तरी जायचा तो. माझ्या दारातनं उपाशी गेला.

मी? मी न्हाय जेवले. तो तिकडं पाण्याशिवाय बसलाय, मी कशी जेवू?

थांब, फोन — हालो. व्हय, निपाणीहून तारामतीच बोलते. मीच फोन केलता मघाशी. श्रद्धाताई ना, संकेश्वरच्या? उद्या वाटेवरच्या मळ्यात तुमचा चौका हाय म्हणे महाराजांसाठी — व्हय, त्याचसाठी. लिहून घ्या. भाकरी पातळ थापा, कडा मऊ पाहिजेत. दुधी दुधात शिजवा. वरणात मोहरी घालू नका, जिरं चालतंय. आणि पहिल्यांदा पाणी द्या हं, भरपूर, आज — आज त्यांचा अंतराय झालाय. चालत येणार, ऊन असणार. मी? मी कोणी न्हाय अवो, चौका लावायची चार महिने, म्हणून आवड ठाऊक. न्हाय, मी न्हाय यायची. तुमच्याकडं पोटभर जेवतील बघा. आणि ताई, घाई करू नका वाढताना, त्यांना सावकाश लागतंय. बरं. बरं, ठेवते.

चांगली वाटली बाई. हात उरकता हाय, आवाजावरनं कळतंय.

काय म्हणतीस? स्कूटीवरनं नेतीस? नको गं. कशाला? लांबनं बघितलं तरी माझा भरवसा मला न्हाय आता. त्याला जेवायचं असंल तर मी तिथं नसलेलंच बरं. आई असून असं म्हणायची पाळी यावी — आणि तुझ्या डोळ्यात काय पाणी आणतीस, वेडी कुठली! पूस. तू खा. एवढीच भाकरी राहिली, ती संपव, ताटात टाकायचं न्हाय. माझ्याकडं बघू नको, ताटात बघ. तू खातीस तोवर मी थांबते, मी न्हाय रडत. सावकाश खा. झालं? पाणी पी. अजून एक घोट. बास. आता जा वर — ताट राहू दे, मी घासते — जा बाई, आणि जाताना दार ओढून घे.