एका पाण्याचे दोन आकडे

"हॅलो?… हॅलो, कोण?… अवं मावशे, तू होय का! बोल ना… नाई, जेवण व्हायचं आहे अजून. तू बोल."

मेघाने फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबला आणि हातातली काचेची चौकोनी कुपी पुसायला घेतली. तुमसरच्या एका लहानशा प्रयोगशाळेत ती पाणी तपासायची. फोन वच्छलामावशीचा होता, नाकाडोंगरीच्याही आत, जंगलाला लागून असलेल्या टोलीवरून, म्हणजे लहानशा वस्तीवरून. मावशीच्या दारासमोरच्या बोरिंगचं पाणी मेघानेच दोनदा तपासलं होतं. पहिल्यांदा त्यात मँगनीज फार निघालं, म्हणून हातपंपाच्या दांड्याला साखळी गुंडाळून कुलूप लावलं. काल दुसरा अहवाल गेला, पाणी चांगलं असल्याचा.

"हो, हो… मीच देला तो रिपोर्ट… आता चांगलं आहे म्हणूनच देला ना… काय?… कोण म्हणते असं?… सारेच म्हणून राहिले?… मावशे, हळू. एकेक सांग."

मावशी हळू बोलणाऱ्यातली नव्हती.

"अवं, कोणी पैसे खाल्ले नाई. मी कायले लपवू तुझ्यापासून?… काळं? कशावर काळं?… पाण्याच्या पितळी गुंडाच्या आत. घासूनई निघत नाई… पण ते जुनं असंन… नाई? नमुना काढला तवाच भरून ठेवला होता तो गुंड? आतून घासून?…"

मेघाचा कुपी पुसणारा हात थांबला. दुसरा आकडा आला तेव्हा तिलाही जरा खटकलंच होतं. जमिनीतलं मँगनीज असं चार दिवसांत जातं कुठे? पण चांगली बातमी होती, म्हणून तिने पुढे विचार केला नव्हता.

"थांब. फोन ठेवू नको, एक पाहून घेते… अवं, रिपोर्ट चांगला आला म्हणून लोकं कुलूप तोडाले उभे आहेत, समजलं मले. त्यायले म्हणा, जरासक दम धरा."

फळीवर एक बाटली कायम ठेवलेली असे. तिच्यातल्या पाण्यात मँगनीज किती, हे आधीच ठाऊक. रोज सकाळी ते मोजणीच्या यंत्रात घालून आकडा जुळतो का पाहायचं, मगच काम सुरू करायचं, असा नेम होता. सोमवारी गर्दीत तो राहिला, आणि मग राहतच गेला. मेघाने आता ते पाणी घातलं. आकडा निम्माच आला. कुपी धुऊन, पुसून, पुन्हा घातली. तेवढाच.

"मावशे… यंत्र खोटं बोलून राहिलं… अवं, जे मले माहीत आहे तेच टाकलं मी, तर अर्धंच दाखवून राहिलं… नाई, बंद नाई पडलं. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं."

ती यंत्राच्या मागे गेली. आत दिवा असतो, त्यावरचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. एक स्क्रू जुना, काळपटलेला; शेजारचा नवा, लखलखीत. मेघाने हे झाकण उघडलं नव्हतं. मग कोणी उघडलं? रविवारी प्रयोगशाळा बंद होती आणि चाबी एकट्या मंगेशकडे होती. नमुने आणायचे आणि यंत्रं सांभाळायची, हे त्याचं काम.

"मावशे, ते बोरिंग अमरनंच खोदलं होतं ना?… अन् पाणी खराब निघालं तवा लोकं काय म्हणले त्याले?… हं… दुसऱ्या गावचं कामई हातचं गेलं?… हं."

तिच्या डोक्यात एकेक दुवा जुळत गेला आणि जुळलेलं सगळं तिच्या तोंडून निघून गेलं.

"मंगेश. आमच्या इथला मंगेश, दुसरा कोण!… अमर त्याचा साळा होय ना. चाबी त्याच्याजवळ, अन् इथं झाकण उघडलेलं… नाई, डोळ्यानं नाई पाहिलं मी. पण तोच असंन मावशे. साळ्याची अब्रू वाचवाले फिरवलं त्यानं काहीतरी… हॅलो?… आहेस ना?… मग बोलत काहून नाहीस?"

पलीकडे कोणीतरी पुरुष खाकरला. मावसाजी असतील, असं तिला वाटलं.

तिने पडदे ओढले आणि कुपीच्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी धरली. कागदावर हिरव्या उजेडाची उभी रेघ उमटली. ती मधोमध हवी होती. पार कडेला पडली होती.

"हं, दिसलं!… अवं, उजेड सरकला आहे. सारा उजेड पाण्यातून गेला पाहिजे. इथं अर्धा पाण्यातून जाऊन राहिला अन् अर्धा बाजूनंच सुटून राहिला. मग यंत्राले पाणी साफच दिसंन ना… थांब, लावते बरोबर."

पेचकसाने तिने दिव्याची बैठक किंचित हलवली. रेघ मधे आली आणि पलीकडे निघून गेली. पुन्हा मागे. तापलेल्या पत्र्याला बोट लागलं, तरी तिने हात काढला नाही. रेघ मधोमध ठरली तेव्हा आधी फळीवरचं पाणी घातलं. आकडा जुळला. मग मँगनीजमुळे औषधाने जांभळं झालेलं बोरिंगचं पाणी.

"मावशे, आयक. पाणी खराबच आहे… हो, पहिलाच आकडा खरा. कुलूप उघडू नका. पोरायले तर घोटभरई पाजू नका… शाळेजवळच्या विहिरीवरून आणा सध्या… दूर आहे, माहीत आहे मले. तरी तिथूनच आणा."

तेवढ्यात दार ढकलून मंगेश आत आला. हातात नमुन्यांची पेटी होती. मेघाच्या हातातला पेचकस पाहून त्याचा चेहरा खुलला. दिवा जुळवून घेतलास ते बरं केलंस, म्हणाला. शनिवारी ती गेल्यावर लाइटच्या झटक्याने जुना दिवा उडाला होता. टोलीचा नमुना अडकू नये म्हणून रविवारी येऊन त्याने नवा बसवला; एक स्क्रू हरवला, तो बाजारातून आणून लावला. जुळवणी मेघाच्या हातची, म्हणून सोमवारी सकाळी तिला सांगितलंही होतं की आधी उजेड बघ, मगच मोज.

सांगितलं होतं. मेघाला आठवलं. तो दारातच उभा होता, ती फोनवर होती, आणि तिने त्याच्याकडे न पाहता "हो, हो" म्हटलं होतं.

"मावशे!… आयक ना आधी. ते मंगेशचं मी बोलली ना… अवं, पाण्याचं राहू दे आता! त्यानं काही नाई केलं… काय म्हणते?… स्पीकरवर? कवापासून?… साऱ्यायनं ऐकलं?… अन् अमर?… तिथंच बसून होता?… मग आता कुठं गेला?… त्याले बोलाव मावशे, आवाज दे, म्हणा मेघा म्हणते का… हॅलो?… हॅलो?"

फोन कटला होता. तिने पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला.

मंगेश पेटी धरून तसाच उभा होता. "त्यानं काही नाई केलं" ते कशाबद्दल म्हणालीस, असं त्याने विचारलं. मेघाने तोंड उघडलं, तोच त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने काढून पाहिलं. अमरचा होता.

"उचल," मेघा म्हणाली. "माझ्याबद्दलच सांगंन तो तुले. मी इथंच उभी आहो."

मंगेशने उचलला. अमरचं सगळं ऐकून घेतलं. हातातली पेटी त्याने सावकाश टेबलावर टेकवली. मग मेघाकडे न पाहताच त्याने फोन तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला.

"अमरभाऊ, मी मेघा. मावशीजवळ मंगेशबद्दल जे बोलली ना मी, ते न तपासता बोलली."