वरचं झाड

तुम्ही हसान, पण मले अक्कल शिकवली ते एका माशांच्या दुकानदारानं. घर लहान पडते म्हणून दोन वर्षांआधी पोरा-सुनेले मीच वेगळं राहाले लावलं. मंग माहं नालवाडीचं घर खायले उठलं, म्हणून माशांची टाकी आणली.

टाकीत पाण्यावर तरंगणारं झाड इतकं पसरलं, का खालच्या झाडाले उजेडच मिळेना. मी वरचं सारं काढून फेकलं. आठ दिवसांत टाकीभर शेवाळ!

दुकानदार म्हणे, "काका, सारंच काऊन काढलं? अर्धं ठेवाचं होतं. त्याच्यानंच शेवाळ दबून होतं."

"हे दोन वर्षांआधी सांगाचं होतं, राजा."

"तवा टाकी कुठं होती तुमच्याकडे?"

"टाकी नव्हती. पोरगा होता."